जांभळ्या झाकणाची ट्यूब आणि ४.२ हा आकडा

गेली बावीस वर्षं मी दुसऱ्यांचं रक्त काढते आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी छोटी लॅब आहे, तिथे मी टेक्निशियन. सकाळी सातला उपाशीपोटी आलेल्यांची रांग लागते. शुगरवाले आजोबा, गरोदर सुना, तापाने फणफणलेली लेकरं. ऑगस्ट २०२२ मध्ये एका सकाळी रांग संपल्यावर त्याच खुर्चीवर मी बसले आणि आमच्याकडच्या पोरीने माझ्या दंडाला पट्टा बांधला. तिचा हात थरथरत होता. "ताई, तुम्ही तिकडे बघा," म्हणाली. मी तिकडे बघितलं नाही. दोन ट्यूब भरल्या. जांभळ्या झाकणाची सीबीसीसाठी, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीसाठी. लाल झाकणाची सिरमसाठी, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पाण्यासाठी. लेबलवर माझं नाव मीच लिहिलं, वय ४६.

चार दिवसांपूर्वी बायोप्सीचा रिपोर्ट आला होता. गर्भाशयमुखाचा कर्करोग, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा.

त्याआधीचे पाच महिने मी वाया घालवले, ते सांगायलाच हवं. संबंधानंतर रक्त जायचं, मधूनच अंगावरून लालसर पाणी जायचं. पाळी जायचं वय झालं, असंच असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. जवळच्या एका डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी आतून न तपासता गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या घेतल्या की रक्त थांबायचं, सोडल्या की परत सुरू. शेवटी सोलापूरला एका डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी पहिल्याच दिवशी तपासलं आणि तिथल्या तिथे तुकडा काढून पाठवला.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. आमच्या जिल्ह्याचं नाव, तेव्हाचं उस्मानाबाद, या आजाराच्या बाबतीत जगभर माहीत आहे. १९९९ पासून पुढची काही वर्षं टाटा हॉस्पिटल, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून इथल्या गावागावांत ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांना अभ्यासात घेतलं होतं. २००९ मध्ये निष्कर्ष आला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो त्याची, तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर आले होते. माझ्या सासूबाई त्यात तपासून आल्या होत्या. घरी येऊन म्हणाल्या, "काही दुखत नाही गं, दोन मिनिटांचं काम." मी तेव्हा चोवीस-पंचवीसची, नवी सून, म्हणून माझा नंबर नव्हता. तिशी ओलांडली तोवर ते पथक गेलं होतं. दरम्यान मी लॅबला लागले होते. दुसऱ्या बायकांच्या पॅपच्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेतलेल्या, काचा मी डब्यात नीट भरून सोलापूरला पाठवायची. वीस वर्षांत माझी स्वतःची एकही काच गेली नाही.

तर ती जांभळी ट्यूब. मशीनने सीबीसीचा कागद दिला, पण माझं समाधान होईना. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी स्वतःच्या रक्ताचा थेंब काचेवर ओढला, लिशमनचा रंग दिला, धुतला, वाळवला आणि सूक्ष्मदर्शकाच्या तेलाच्या लेन्सखाली ठेवला. शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या, हे काम मी झोपेतही करीन. न्यूट्रोफिलचं केंद्रक दोन-चार तुकड्यांचं, दोऱ्यात ओवल्यासारखं. लिम्फोसाइटचं गोल, गडद जांभळं, जवळजवळ सगळी पेशी व्यापणारं. माझ्या काचेवर ते तुकड्यांवाले एकामागून एक येत राहिले आणि गोल कमी दिसले. ७१ न्यूट्रोफिल, २२ लिम्फोसाइट, ४ मोनोसाइट, ३ इओसिनोफिल. मशीनशी जुळलं. हिमोग्लोबिन ९.४, ते तर रक्त जाऊन जाऊन झालेलंच.

मग मी ७१ ला २२ ने भागलं. ३.२.

हा भागाकार मी का केला ते सांगते. रिपोर्ट आल्या दिवसापासून रात्री मोबाईलवर वाचत बसायची. तिथे पुन्हा पुन्हा एक गोष्ट भेटायची, ती एनएलआर, म्हणजे न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचं गुणोत्तर. ऑपरेशनआधी हे गुणोत्तर जास्त असलेल्या बायकांमध्ये आजार परत येण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण जास्त आढळतं, असं कितीतरी अभ्यासांत निघालेलं. त्यामागचा विचार माझ्यासारखीला पटकन पटण्यासारखा आहे. गाठ वाढते तेव्हा आजूबाजूला सूज धरते. त्या सुजेमुळे न्यूट्रोफिल वाढतात आणि ते असे पदार्थ सोडतात की नव्या रक्तवाहिन्या फुटायला, म्हणजे गाठीच्याच पोटापाण्याला मदत होते. उलट लिम्फोसाइट हे कर्करोगाच्या पेशी ओळखून मारणारे. म्हणजे वरचा आकडा वाढला आणि खालचा घटला तर पारडं गाठीच्या बाजूला झुकलं. प्लेटलेट आणि लिम्फोसाइटचंही असंच गुणोत्तर काढतात. सगळं साध्या सीबीसीतून, वेगळा खर्च नाही. आमच्या लॅबमधून रोज असे तीस-चाळीस कागद जातात आणि त्यावर कुणी हा भागाकार करत नाही.

मी केला, आणि ती रात्र जागून काढली.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन सोलापूरला गेले. मॅडमनी तो हातात घेतला, माझं गणित पाहिलं आणि म्हणाल्या, "ताई, एक सांगा. तुमच्याकडे दाढ किडलेला माणूस आला, तर त्याचे न्यूट्रोफिल किती असतात?" मी म्हटलं, वाढलेले. "आणि स्टेरॉइड घेणाऱ्याचे?" वाढलेलेच. "आणि चार रात्री न झोपलेल्या, घाबरलेल्या बाईचे?" मी गप्प बसले. मग त्यांनी समजावलं. हे गुणोत्तर शेकडो बायकांचे कागद एकत्र ठेवून काढलेलं आहे. त्या गर्दीबद्दल ते काहीतरी खरं सांगतं. पण रेघ कुठे मारायची यावरच अभ्यासांचं एकमत नाही. कुणी दोनवर मारतो, कुणी तीनवर, कुणी आणखी वर. गर्दीतल्या एकीला उभं करून "तुझं असंच होणार" असं त्यावरून कुणी म्हणू शकत नाही. "मी हा आकडा फाईलला लावते. पण ऑपरेशन करायचं की नाही, हे तो ठरवणार नाही."

लाल झाकणाच्या ट्यूबचं मात्र त्यांनी गांभीर्याने घेतलं. ते सिरम मोठ्या लॅबला गेलं होतं, एससीसी अँटिजेनसाठी. १९७७ मध्ये काटो आणि तोरिगोए या जपानी संशोधकांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींतून वेगळं काढून त्याची रक्ततपासणी मांडलेलं हे प्रथिन. स्क्वॅमस, म्हणजे चपट्या पेशींच्या कर्करोगात ते रक्तात वाढतं. ग्रंथींच्या पेशींपासून होणारा प्रकार असेल, तर त्याचा फारसा उपयोग नाही. बऱ्याच लॅब दीडपर्यंत ठीक धरतात. माझं आलं ४.२ नॅनोग्रॅम.

हा आकडा जास्त असेल तर ओटीपोटातल्या लसिका ग्रंथींपर्यंत आजार पोचल्याची शक्यता वाढते. ग्रंथींत आजार असेल, तर ऑपरेशनऐवजी थेट रेडिएशन आणि केमो देणं बरं. नाहीतर बाईला ऑपरेशनही सोसावं लागतं आणि वर रेडिएशन-केमोही. एमआरआयमध्ये गाठ २.८ सेंटिमीटरची आणि ग्रंथी ठीक दिसत होत्या. तरी ४.२ बघून मॅडमनी एमआरआयच्या फिल्म रेडिओलॉजिस्टसोबत बसून पुन्हा पाहिल्या आणि आजाराच्या जागा उजळून दाखवणारा पेट स्कॅनही करून घेतला. ग्रंथी तिथेही उजळल्या नाहीत. तेव्हा कुठे ऑपरेशनची तारीख मिळाली. रक्तातल्या आकड्याचा एवढा उपयोग मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. त्याने निर्णय दिला नाही, पण आणखी एकदा नीट बघायला लावलं.

मी विचारलं होतं, दुर्बिणीतून नाही का होणार, लवकर कामावर जाता येईल. मॅडमनी स्वच्छ नाही म्हटलं. २०१८ मध्ये ६३१ बायकांच्या अभ्यासाचा निकाल आला होता. साडेचार वर्षांनी आजारमुक्त असलेल्या बायका पोट उघडून केलेल्या गटात ९६.५ टक्के निघाल्या, दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के. "टाका मोठा पडेल," म्हणाल्या, "पण माझी आई असती तर तिचंही मी असंच केलं असतं." पुढे मी काही विचारलं नाही.

ऑपरेशनला वॉर्डात सगळे 'वर्थाइम' म्हणतात. १८९८ मध्ये व्हिएन्नात एर्न्स्ट वर्थाइमने आपलं पहिलं असं ऑपरेशन केलं, त्याचं नाव. नुसती पिशवी काढत नाहीत, तिच्या दोन्ही बाजूंच्या ऊती, योनीचा वरचा भाग आणि ग्रंथीही काढतात. त्याआधी एक बाटली रक्त चढवलं. ऑपरेशनला चारेक तास लागले, असं यांनी नंतर सांगितलं. मला आठवतो तो कोरडा घसा, आणि वॉर्डातल्या मावशींनी ओठांना लावलेला ओला कापूस.

दुसऱ्या दिवशीच्या सीबीसीचा कागद मी सिस्टरांकडून मागून घेतला. पांढऱ्या पेशी १६,४००, न्यूट्रोफिल ८८, लिम्फोसाइट ८. गुणोत्तर अकरा. एवढा मोठा आकडा वाचून पोटात गोळा यायला हवा होता, पण टेक्निशियन म्हणून मला माहीत होतं की शरीराला एवढा मोठा घाव बसला की असंच होतं. अभ्यासांत जे गुणोत्तर वापरतात ते उपचार सुरू होण्याआधीचं, ते एवढ्यासाठीच.

लघवीच्या पिशवीबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. या ऑपरेशनमध्ये मूत्राशयाच्या नसा दुखावतात. कॅथेटर चौदा दिवस होता, घरीही तो घेऊनच आले. काढल्यावर पहिल्यांदा लघवीची भावनाच होईना. घड्याळ लावून दर तीन तासांनी जाऊन बसायचं, ओटीपोटावर हलका हात ठेवायचा, वाट बघायची. नंतर आत किती उरली ते मोजायचं. पहिल्यांदा १८० मिलीलिटर उरली, तीन दिवसांनी ११०, मग ६०. शंभरच्या आत आलं तेव्हा लेक माझ्या गळ्यात पडून रडली. रक्ताचे सगळे आकडे एकीकडे आणि तो ६० एकीकडे.

बाराव्या दिवशी हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या भागाच्या तपासणीचा, रिपोर्ट आला होता, आणि खरा निर्णय त्या कागदाने दिला. २४ ग्रंथी काढल्या, चोवीसच्या चोवीस स्वच्छ. कडा स्वच्छ, बाजूच्या ऊती स्वच्छ. हे वाचून यांनी हात जोडले. पण खाली दोन ओळी होत्या. पेशी बारीक लसिकावाहिन्यांत शिरलेल्या दिसतात, आणि आजार गर्भाशयमुखाच्या भिंतीत बाहेरच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत गेला आहे. या दोन गोष्टी एकत्र असल्या की परत येण्याचा धोका मध्यम धरतात आणि रेडिएशन देतात. ग्रंथी किंवा कडा बिघडलेल्या असत्या तर सोबत केमोही दिली असती. मी विचारलं, "मॅडम, माझं ४.२ आणि ३.२ यात कुठे धरलं?" त्या म्हणाल्या, "कुठेच नाही. स्टेज ठरवताना रक्ताचा आकडा धरत नाहीत, आणि रेडिएशन द्यायचं ते या दोन ओळींवरून."

रेडिएशनची २५ सिटिंग, सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे. सोलापुरात नणंदेकडे राहिले. तिसऱ्या आठवड्यापासून जुलाब, ताक-भाताशिवाय काही पोटात ठरेना. दर आठवड्याला सीबीसी. चौथ्या आठवड्यात न्यूट्रोफिल ८० आणि लिम्फोसाइट ८ आले, म्हणजे पुन्हा दहा. या वेळी मात्र मी घाबरले, कारण आता ऑपरेशनचा घावही नव्हता. रेडिएशनच्या डॉक्टरांनी सांगितलं की लिम्फोसाइट किरणांना सगळ्यात नाजूक. ओटीपोटातून वाहणारं रक्त रोज किरणांखालून जातं आणि कमरेच्या हाडांतल्या मज्जेवरही किरण पडतात, म्हणून ते मरतात. हळूहळू भरून येतात, कधीकधी वर्षही लागतं. त्या दिवशी मी वहीतला गुणोत्तराचा रकाना आडवी रेघ मारून बंद केला. मला त्या गुणोत्तरातून जे कळायचं होतं ते ऑपरेशनआधीच कळून चुकलं होतं. उपचार चालू असताना रोज भागाकार करून हाताला काही लागणार नव्हतं.

एससीसीचा रकाना उघडाच ठेवला. ते प्रथिन रक्तात फार टिकत नाही, काही तासांतच निम्मं होत जातं, त्यामुळे गाठ गेली की आकडा लवकर खाली येतो. रेडिएशन सुरू होण्याआधी ०.८ झाला होता. उपचार संपल्यावर तीन महिन्यांनी ०.७, सहा महिन्यांनी ०.९. ही तपासणी प्रत्येकीने करायलाच हवी असं मार्गदर्शक तत्त्वांत नाही, मॅडमनी ते आधीच सांगितलं होतं. त्यांच्या मते तीन महिन्यांनी येऊन आतून तपासून घेणं आणि नवं काही दुखलं-खुपलं, रक्त गेलं, पाय सुजला तर लगेच सांगणं महत्त्वाचं. आजार परतायचा तर बहुतेकींना पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो. पण ज्यांचा आकडा ऑपरेशनआधी वाढलेला होता त्यांच्या बाबतीत तो पुढे वाढला, तर परतलेला आजार कधीकधी काही महिने आधी कळतो. माझा वाढलेला होता, म्हणून माझ्यासाठी तो बघण्यात अर्थ होता.

नवव्या महिन्यात, सप्टेंबर २०२३ ला, तो २.१ आला.

त्या संध्याकाळी मी घरी कुणाला सांगितलं नाही. भाकरी थापल्या, भाजी केली, सगळ्यांना वाढलं. रात्री वही काढून ०.८, ०.७, ०.९, २.१ हे चार आकडे बघत बसले. लेक पाणी प्यायला उठली, तिने बघितलं. "आई, हात दाखव," म्हणाली. मला वाटलं धीर द्यायला हात धरतेय. तिने माझे तळवे दिव्याखाली उलटेपालटे केले आणि विचारलं, "हे कधीपासून?"

हाताला इसब झालं होतं. वीस वर्षं ग्लोव्ह्ज आणि दिवसातून पन्नास वेळा हात धुणं, त्यामुळे मला ते अधूनमधून होतंच. या पावसाळ्यात मनगटापर्यंत चढलं होतं, भेगा पडून पाणी सुटत होतं. आणि एससीसी अँटिजेन फक्त कर्करोगातून येत नाही, निरोगी चपट्या पेशींतही ते असतं. सोरायसिस, इसब यांसारख्या त्वचेच्या आजारात ते वाढतं, किडनी कमजोर असेल तर वाढतं. नमुन्यात थुंकीचा शिंतोडा किंवा कातडीचा अंश गेला, तरी आकडा खोटा वर जातो. हे मी वाचलेलं होतं, पण स्वतःच्या हाताकडे मी बघितलं नव्हतं. शिवाय त्या वेळी नेहमीची लॅब बंद म्हणून नमुना दुसरीकडे गेला होता. वेगळं मशीन, वेगळी पद्धत. दोन पद्धतींचे आकडे शेजारी शेजारी ठेवून तुलना करायची नसते, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते.

मॅडमनी बोलावून आतून तपासलं, काही नव्हतं. "स्कॅनची घाई नको. चार आठवडे हातावर मलम लावा, नंतर जुन्याच लॅबला नमुना द्या." ते चार आठवडे कसे गेले ते लिहिता येत नाही. सासूबाई रोज रात्री माझ्या हाताला मलम लावून सुती मोजे घालायच्या, लहान लेकराला घालतात तसे. त्यांना एससीसी वगैरे काही कळत नव्हतं. "हात बरा झाला की सगळं बरं होईल," एवढंच म्हणायच्या.

आकडा १.० आला. इसबामुळे वाढला होता की दुसऱ्या लॅबमुळे, ते आता कळणार नाही. पुढच्या तपासणीत ०.८. आता सहा महिन्यांनी बोलावतात.

एक गोष्ट मात्र मी बदलली. आमच्याकडे ऑपरेशनआधीच्या तपासण्यांचा कागद घेऊन बायका येतात. सीबीसी, शुगर, किडनी, लिव्हर, एचआयव्ही. गेल्या महिन्यात बाजूच्या वाडीवरची एक बाई आली, कागदावर निदान तेच, माझंच. एससीसी लिहिलेलं नव्हतं. ऑपरेशन चार दिवसांवर होतं. गाठ एकदा निघाली की आधीचा आकडा पुन्हा कधीच काढता येत नाही, आणि तो नसला तर नंतरच्या आकड्याला काही संदर्भच राहत नाही. मी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, विचारलं. ते म्हणाले, "घ्या ताई, बरं झालं आठवण केली."

त्या बाईचे दोन्ही तळवे आधी बघितले. शेतातल्या कामाचे राकट हात, पण कातडी कोरडी, स्वच्छ. मग जांभळ्या झाकणाच्या ट्यूबशेजारी लाल झाकणाची ठेवली आणि दंडाला पट्टा बांधला.